डाव्या हाताचा पाठ

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. चाल, हरकती, ताना सगळ्या उजव्या हाताच्या. डाव्याने हवा पुरवायची. मुळात हे वाद्य असं नव्हतं. 1840च्या दशकात पॅरिसच्या आलेक्झांद्र दबाँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा भाता पायांनी चालायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. मराठी संगीत नाटकांनी पायपेटी बराच काळ सांभाळली. गोविंदराव पटवर्धन ऑर्गनवर आणि हातपेटीवर सारख्याच अधिकाराने साथ करत. पण देवळादेवळांत, भजनी मंडळांत पोचली ती हातपेटीच. त्यामुळे गावाकडचा पेटीवाला पियानोसमोर बसला की त्याचा उजवा हात जाणता असतो आणि डावा नुकताच पहिलीत घातलेला असतो.

पियानोवरच्या कुठल्या छोट्या रचना शिकायला घ्यायच्या, कुठल्या कायमच्या पाठ करायच्या, याचा माझा विचार इथूनच सुरू झाला.

माझं गाव उमापूर बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात आहे, गेवराईहून शेवगावकडे जाताना लागतं. चहूकडे कापूस, तूर, बाजरी; पाणी असेल तिथे ऊस. मी पेटी इथल्याच भजनात शिकलो. समोर कागद कधी नव्हता. हरिपाठ तर कुणी मुद्दाम शिकवलाही नाही. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग (काही पोथ्यांत 28) रोज संध्याकाळी कानावर पडतात, हातात टाळ येतो, आणि कधीतरी पोरगं पुस्तक न उघडता म्हणायला लागतं. त्यामागे रचनेची करामत आहे. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, यमकाची जागा ठरलेली, प्रत्येक अभंगानंतर तेच ध्रुपद. एक अभंग इतका लहान की दमायला होत नाही, आणि एक बसला की दुसऱ्यासाठी साचा तयारच असतो. पाठांतरासाठी रचना कशी निवडावी, याचा याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही.

भाची पुण्यात पियानो शिकायची. इंजिनिअरिंगसाठी ती बाहेर गेली तेव्हा तिचा 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो वाकळेत गुंडाळून टेम्पोने उमापूरला आला. फोनवर तिने पहिली गोष्ट सांगितली ती अशी: “मामा, सगळे आधी ‘फ्युर एलिझं’ काढतात. तुम्ही तो नका घेऊ. एका पानात संपणारं काहीतरी घ्या. पूर्ण वाजवता आलं पाहिजे.”

पोरीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बेथोवनने ‘फ्युर एलिझं’ 1810मध्ये लिहिला. त्याचा सुरुवातीचा भाग हाताला लवकर येतो, आणि मधले दोन भाग एकदम वेगळीच तयारी मागतात. म्हणून जगभर लाखो लोकांना तो अर्धाच येतो. अर्धी रचना मनात टिकत नाही. ती कुठे जाते हे ठाऊक नसलं की बोटंही वाट विसरतात. हरिपाठातला अभंग लहान असला तरी पुरा असतो; सुरुवात, मधला विचार, शेवट, सगळं त्यात येतं. पियानोच्या साहित्यातही अशा पुऱ्या आणि लहान रचना भरपूर आहेत, आणि त्या मोठमोठ्या रचनाकारांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत.

पहिली निवड भाचीनेच सुचवली: जी मेजरमधला मिन्युएट. बाखने 1725मध्ये आपली दुसरी पत्नी आना माग्दालेना हिच्यासाठी सुरू केलेल्या वहीत तो आहे. बराच काळ तो बाखच्याच नावावर वाजत राहिला. 1970च्या दशकात संशोधकांनी दाखवून दिलं की तो क्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचा. पांढरी पाचचा सा धरला की पेटीवाल्याला त्याची पहिली ओळ लगेच वाचता येते: प सा रे ग म प, सा सा. पुढची ओळ: ध म प ध नी सां, सा सा. सगळे शुद्ध स्वर. पहिली ओळ पंचमावर चढून खाली येते, दुसरी त्याच वाटेने थोडी आणखी वर, तार षड्जापर्यंत जाऊन परत येते. बंदिशीच्या दोन ओळी जशा एकमेकींना उत्तर देतात तसंच हे चालतं.

मोजायलाही हा मिन्युएट सोपा. तीन मात्रांचा एक बार, म्हणजे दोन बारांत दादऱ्याचं एक आवर्तन. एकूण 32 बार, म्हणून 16 आवर्तनं. बरोबर निम्म्यावर घडी. आमच्या मंडळातल्या पखवाजवाल्या काकांनी एकदा शेजारी बसून मांडीवर ठेका धरला आणि दुसऱ्याच आवर्तनाला विचारलं, “ह्याची सम इथंच हाये का?” तिथेच होती. बीड जिल्ह्याला पखवाजाचं वेड जुनं आहे. आपेगावच्या शंकरबापूंनी या वाद्यावर पद्मश्री मिळवली. ठेक्यात मोजायची सवय असलेल्या माणसाला पाश्चात्त्य रचनेचा सांगाडा चटकन सापडतो. बार मोजत बसण्यापेक्षा आवर्तनं मोजावीत. आपण कितव्या आवर्तनात आहोत हे कळलं की हात चुकला तरी माणूस हरवत नाही.

डाव्या हाताला मात्र मिन्युएटमध्ये फारसं बोलायला मिळत नाही. त्याला बोलतं करणारी रचना मिळाली शूमानच्या ‘आल्बम फॉर द यंग’मध्ये. रॉबर्ट शूमानने 1848मध्ये थोरल्या मुलीच्या, मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही तुकडे लिहायला घेतले आणि बघता बघता 43 रचनांचा संग्रह झाला. त्यातली दहावी रचना कामावरून घरी परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याची. तिची सगळी चाल डाव्या हातात आहे. उजव्याने मधूनमधून, ठोक्याच्या मागून, हलके कॉर्ड टाकायचे. जन्मभर भाता हाकलेल्या हाताला अचानक मुख्य गाण्यावर बसवलं जातं. पहिले काही आठवडे ते गाणं फार जड पावलांनी चालत होतं. एके दिवशी बायको स्वयंपाकघरातून तीच चाल गुणगुणताना ऐकली, तेव्हा डावा हात गायला लागलाय हे मला कळलं.

पेटीवाल्याची आणखी एक सवय इथे आड येते. भजनात पेटी गवयाच्या मागून जाते. अभंग कुठला, कडवं कितवं, कुठे थांबायचं हे सगळं गाणाऱ्याच्या डोक्यात असतं. पेटी ऐकते आणि साथ करते. एकट्याने रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्यायची, तीही शब्दांशिवाय, ही वेगळी विद्या आहे. शब्द असले की ते सुरांना ओढून नेतात. पियानोच्या तुकड्यात ते काम कॉर्डांना करावं लागतं. कुठल्या सुरांच्या गटातून कुठल्या गटात आलो हे मनाला ठाऊक नसेल, तर नुसती बोटांची सवय उरते, आणि दारावर कुणी हाक मारली तरी ती सुटते.

कॉर्डांनी पाठ करायला बाखच्या सी मेजर प्रील्यूडसारखी दुसरी रचना नाही. ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या 1722च्या संग्रहात ती अगदी पहिली. एकूण 35 बार. पहिल्या 32 बारांत एकच नक्षी: डाव्या हाताचे दोन सूर, उजव्याचे तीन, खालून वर सुटे सुटे वाजवायचे, आणि प्रत्येक बारात ती नक्षी दोनदा. पहिला बार पांढरी एकच्या हिशोबाने सा ग प सां गं. म्हणजे प्रत्येक बार हा खरं तर एक कॉर्ड; 32 कॉर्ड पाठ झाले की शेवटचे तीन बार सोडून सगळी रचना हातात. पहिल्या चार बारांत डाव्याचं सर्वांत खालचं बोट सा, सा, नी, सा असं जातं. घराबाहेर एक पाऊल टाकून लगेच घरात.

आपल्या कानाला या प्रील्यूडमध्ये एक खास ठिकाण सापडतं. 24व्या बारापासून 31व्या बारापर्यंत खालचा सूर पंचमावर रुतून बसतो आणि वरचे कॉर्ड बदलत राहतात. तंबोऱ्याची सवय असलेल्याला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. पण पाठांतर नेमकं तिथेच घसरतं, कारण खालचा सूर हलत नाही आणि आपण कुठे आहोत याची खूण जाते. या आठ बारांना वेगळं वाजवून, प्रत्येक कॉर्डात कुठलं बोट हललं हे तोंडाने म्हणत पाठ करावं लागलं.

यासाठी उपयोगी पडलं ते वेदपाठाचं जुनं तंत्र. क्रमपाठात पहिलं पद दुसऱ्यासह म्हणायचं, मग दुसरं तिसऱ्यासह, तिसरं चौथ्यासह. प्रत्येक पद दोनदा येतं आणि प्रत्येक सांधा पक्का होतो. पियानोच्या रचनेतही स्मृती तुटते ती बाराच्या मध्ये नाही, दोन बारांच्या सांध्यावर. म्हणून एक-दोन, दोन-तीन, तीन-चार असे बार जोडत जायचं. हे तंत्र मला कुठल्या पियानोच्या पुस्तकात मिळालं नाही, पण ते लागू पडतं हे मी छातीठोकपणे सांगतो.

उमापुरात पाठांतराची परीक्षा घ्यायला आणखी एक सोय आहे, ती म्हणजे वीज जाणं. डिजिटल पियानोची वीज गेली की सूर बंद होतात, पट्ट्या मात्र तशाच हलतात. अंधारात नुसता लाकडी टपटप आवाज. अशा वेळी बाखचा प्रील्यूड सुरुवातीपासून वाजवायला घ्यावा. कान मदतीला नसतात, डोळेही नसतात. मनात सूर ऐकू येत असेल तरच बोट पुढे जातं. जिथे मनातला सूर बंद पडतो तिथे बोटही थबकतं आणि पाठांतरातली पोकळ जागा नेमकी दिसते. शूमानने तरुण वादकांसाठी लिहिलेल्या नियमांत हेच वेगळ्या वाटेने सांगितलं आहे: रचना बोटांनी येते एवढ्याने भागत नाही, वाद्य नसतानाही ती गुणगुणता यावी, आणि चालीबरोबर तिच्यामागची स्वरसंगतीही स्मरणात राहावी. वीज येईपर्यंत बसून राहण्यापेक्षा तो वेळ या कामाला द्यावा.

पेटी आणि पियानो यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि रचना निवडताना तो ध्यानात घ्यावाच लागतो. पेटीचा सूर पट्टी दाबून ठेवली आणि भाता चालू ठेवला की अखंड राहतो. लहानमोठा करायचा तो भात्याने. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, आणि त्याचा जोर ठरतो बोट किती वेगाने पडलं यावर. पेटीवाल्याला सूर धरून ठेवायची सवय असते. विरणाऱ्या सुरातून ओळ कशी बांधायची, हे त्याला नव्याने शिकावं लागतं.

त्यासाठी शोपाँ. त्याचे 24 प्रील्यूड, ओपस 28, 1839मध्ये छापले गेले. त्याआधीचा हिवाळा त्याने मायोर्का बेटावरच्या वाल्देमोसा इथल्या जुन्या मठात काढला आणि तिथे हे काम पुरं केलं. त्यातले कित्येक एका पानाचे आहेत. सातवा, ए मेजरमधला, फक्त 16 बारांचा. दोन बारांची एकच लय आठ वेळा येते. पुन्हा दादऱ्याचा हिशोब, आठ आवर्तनांत सगळं संपतं. बाराव्या बारातला रुंद कॉर्ड लहान हाताला एकदम धरता येत नाही, मोडून वाजवावा लागतो, आणि त्याने काही बिघडत नाही. विसावा, सी मायनरचा, 13 बारांचा: जड, मिरवणुकीच्या चालीचा, शेवटचे चार बार दोनदा, दुसऱ्यांदा दबक्या आवाजात, मग एकच कॉर्ड. राखमानिनॉफने याच प्रील्यूडवर पुढे मोठी व्हेरिएशन्स लिहिली. डाव्या हाताला सतत सप्तकाचा ताण असल्यामुळे मी तो अजून पुढे ढकलला आहे.

माझ्या मनातला राजा चौथा, ई मायनरचा, 25 बारांचा. उजवा हात जवळजवळ काहीच करत नाही. सा ईवर धरला तर प आणि कोमल ध, प आणि कोमल ध, एवढंच तो बारामागून बार म्हणत राहतो. सगळी हालचाल डाव्यात आहे: तीन सुरांचे कॉर्ड एका बारात आठ वेळा सारखे ठोकत राहायचे, आणि त्यातलं बहुतेक वेळा एकच बोट अर्ध्या सुराने खाली घसरतं. कधी खालचं, कधी मधलं, कधी वरचं. ऐकणाऱ्याला कळतही नाही काय बदललं, पण उजव्या हाताच्या त्याच पंचमाचा रंग प्रत्येक वेळी वेगळा होतो. अभंगातलं एकच पद बुवा वेगवेगळ्या तऱ्हेने घोळवतात तेव्हा होतं, तेच इथे पद न बदलता त्याच्याखालची जमीन बदलून साधलं आहे. शोपाँच्या अंत्यविधीत, 30 ऑक्टोबर 1849 रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, हा आणि सहावा असे दोन प्रील्यूड ऑर्गनवर वाजवले गेले. पाठ करायला हा अवघड, कारण ते घसरणारे कॉर्ड आपल्या ओळखीच्या कुठल्याच साच्यात बसत नाहीत. मी डाव्या हाताचं प्रत्येक घसरणं वहीत सरगममध्ये उतरवून काढलं आणि मग वही बंद केली.

निवडीबाबत माझं एक मत ठाम आहे. गाजलेल्या मोठ्या रचनांच्या ‘सोप्या आवृत्त्या’ घेऊ नयेत. दुकानात आणि मोबाइलवर त्यांचा सुकाळ आहे: सिंफनीतली एखादी चाल उजव्या हाताला, डाव्याला दोन-तीन ठरावीक कॉर्ड. त्यात चाल उरते आणि तिला धरून ठेवणारे आतले सूर गळून जातात. आठवड्यात येतात आणि पुढच्या आठवड्यात जातात. पेट्झोल्ड, शूमान, शोपाँ यांनी लहानच लिहायचं ठरवून जे लिहिलं त्यातला एकही सूर काढता येत नाही. रोज वाजवूनही ते शिळं होत नाही, आणि जे रोज वाजवायचं आहे त्याला ही कसोटी लावलीच पाहिजे.

रोज हा शब्द महत्त्वाचा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885मध्ये दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. वारकऱ्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक होतं. माझी रीत साधी: नव्या रचनेचे थोडे बार, आणि जुन्यांपैकी एक-दोन पाळीपाळीने, न पाहता. पाळी चुकली की जुनी रचना लगेच कुरकुरते. नवीन घ्यायची ती जुनी पाळीत बसल्यावरच. संख्या वाढवण्याचा मोह फार होतो आणि तो आवरावा, असं मी प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला सांगेन.

रचना शोधायच्या कुठे? लंडनचं एबीआरएसएम हे 1889पासूनचं परीक्षा मंडळ. त्यांच्या पियानोच्या आठ ग्रेडांच्या याद्या सर्वांसाठी खुल्या असतात. परीक्षेला बसायचं नसलं तरी कुठली रचना किती अवघड हे त्यातून समजतं. पुस्तकांसाठी मुंबईचं फुर्तादोस हे 1865पासूनचं दुकान आहे. आणि इंटरनेटवरच्या आयएमएसएलपी या संग्रहात जुन्या रचनांची पानं मोफत मिळतात. आपल्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे बाख, शूमान, शोपाँ यांचा प्रश्नच नाही. गेवराईत पानं छापून घेतली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली, की पंख्याच्या वाऱ्याने उडत नाहीत.

बार्टोकही आता मोकळा झाला आहे. तो 1945मध्ये गेला. सध्या स्टँडवर त्याचंच ‘फॉर चिल्ड्रन’ आहे. बेला बार्टोक फोनोग्राफ घेऊन हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या खेड्यांत हिंडला, शेतकऱ्यांची गाणी टिपली, आणि 1908-09मध्ये त्यांतल्या चालींवर मुलांसाठी हे तुकडे लिहिले. 1943मध्ये त्याने संग्रह तपासला तेव्हा 79 ठेवले: पहिल्या भागात हंगेरीच्या चाली, दुसऱ्यात स्लोव्हाक. कित्येक अर्ध्या पानाचे. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्या जिल्ह्यातलं माजलगावही आहे. दळणाऱ्या बायकांच्या तोंडची ओवी आणि हंगेरीतल्या खेड्यातली चाल, दोन्ही तितक्याच आखूड आणि तितक्याच पक्क्या. बार्टोकने चालीला हात लावला नाही, डाव्या हाताला मात्र दर वेळी नवं काम दिलं: कधी एकच सूर धरून बसायचं, कधी चालीच्या मागून तीच चाल म्हणायची, कधी मुद्दाम न जुळणारे सूर टाकायचे.

पहिल्या भागातले मला आवडलेले आता पाळीत येऊ लागले आहेत. भाची दिवाळीला येते आहे. दुसऱ्या भागातले कुठले घ्यायचे यावर आमचं फोनवर आत्ताच एकमत होत नाहीये. तिला वेगवान नाचाचे हवेत, मला संथ गाण्यांचे.